‘पहिला कोण?’ या प्रश्नाला अट हवी

मराठीतील पहिला शिलालेख कोणता, हा प्रश्न महाराष्ट्रात शाळेची पायरी चढलेल्या बहुतेकांना कधी ना कधी विचारला गेला आहे आणि त्याचे उत्तरही त्यांना पाठ आहे : श्रवणबेळगोळ, गोमटेश्वराच्या पायाशी, ‘श्रीचावुंडराजें करवियलें’. काही वर्षांपूर्वी रायगड जिल्ह्यातील शाळांच्या एका सामान्यज्ञान स्पर्धेत प्रश्न वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे होते. हा प्रश्न विचारल्यावर आठवीतील एका मुलीने ‘अक्षी’ असे उत्तर दिले. माझ्या हातातील कागदावर श्रवणबेळगोळ लिहिलेले होते, म्हणून मी तिचे उत्तर चूक ठरवले आणि प्रश्न पुढच्या संघाकडे सोपवला. त्या संघाने छापील उत्तर देऊन गुण मिळवले. मुलगी काहीच बोलली नाही. स्पर्धा आटोपल्यावर तिच्या शिक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितले की, अक्षी हे अलिबागजवळचे गाव आहे आणि तेथील कोरीव दगड या मुलांनी स्वतः पाहिलेला आहे. घरी जाऊन मी पुस्तके उघडली, तेव्हा त्या मुलीच्या उत्तरामागे किती भक्कम आधार आहे हे मला कळले आणि मनाला फार लागले. तेव्हापासून सामान्यज्ञानाच्या प्रश्नांतील ‘पहिला’ या शब्दाकडे मी संशयाने पाहू लागलो.

श्रवणबेळगोळच्या लेखात दोन ओळी आहेत. चावुंडराजाने ही मूर्ती करवली, असे पहिली ओळ सांगते, तर गंगराजाने सुत्ताले, म्हणजे मूर्तीभोवतीचे आवार, करवले असे दुसरी. चावुंडराय, म्हणजे गंग राजांचा मंत्री व सेनापती, दहाव्या शतकातील, म्हणून पहिल्या ओळीला शके ९०५, म्हणजे इ.स. ९८३, हा काळ लावण्याची प्रथा पडली. गंगराज मात्र होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकातील. दोन्ही ओळी एकाच वेळी, गंगराजाच्या काळात कोरल्या गेल्या असाव्यात असे मानणारे अभ्यासक आहेत, आणि ते मत ग्राह्य धरले तर हा लेख शंभराहून अधिक वर्षांनी अलीकडे येतो. शिवाय लेखावर स्वतःचा शक कोरलेला नाही. शं. गो. तुळपुळे यांनी प्राचीन मराठी कोरीव लेखांचा सांगोपांग अभ्यास केला, तेव्हा अक्षीचा लेख त्यांनी शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ चा मानला. स्वतःला पश्चिमसमुद्राधिपती म्हणवणाऱ्या केसिदेवरायाच्या काळातील हा दानलेख आहे. त्यातील शकाच्या वाचनाबद्दलही अभ्यासकांत मतभेद आहेत. सोलापूर जिल्ह्यात भीमा-सीनेच्या संगमावरील हत्तरसंग कुडलच्या मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा लेख आहे : ‘वाछि तो विजेया होईवा’. जो हे वाचील तो विजयी होईल, असा त्याचा अर्थ. एका प्रश्नाच्या पोटात अशी तीन गावे आहेत. शकाचे वाचन कसे करतात, अक्षरांच्या वळणावरून काळ कसा ठरवतात, राजाचा काळ आणि लेखाचा काळ एकच का नसतो, अशी सगळी विद्या त्यात दडलेली आहे. कागदावर मात्र एकच शब्द उरला होता.

सामान्यज्ञानाला कमी लेखणाऱ्यांपैकी मी नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. ‘हल्ली सगळे मोबाइलवर सापडते, मग पाठ कशाला करायचे’ हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. सन, नावे, गावे ही डोक्यात असली तरच नवी गोष्ट वाचताना ती कुठे अडकवायची हे कळते. भिंतीला खुंटीच नसेल तर कपडे जमिनीवरच पडतात. ‘दर्पण’ हे वृत्तपत्र १८३२ चे, विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ नाटक १८४३ चे आणि बोरीबंदर ते ठाणे आगगाडी १८५३ ची, एवढ्या तीन सनांवरूनही एका पिढीच्या डोळ्यांदेखत महाराष्ट्र किती बदलला याचा अंदाज बांधता येतो. लहान गावातील मुलामुलींना पुस्तकांच्या जगात शिरण्याचा मार्ग अनेकदा या प्रश्नोत्तरांतूनच मिळाला आहे. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये एक कोटी रुपये जिंकणारे पहिले स्पर्धक हर्षवर्धन नवाथे त्या वेळी नागरी सेवा परीक्षेची तयारी करत होते, आणि त्यांच्या यशानंतर ‘जनरल नॉलेज’ हा शब्द मराठी घरांत केवढ्या आदराने उच्चारला जाऊ लागला ते मी पाहिले आहे. तो आदर योग्यच होता. म्हणूनच या ज्ञानाची मांडणी नीट व्हावी, असा आग्रह धरावासा वाटतो.

माझा आग्रह एवढाच आहे की, ‘पहिला’ हा शब्द ज्या प्रश्नात येतो त्या प्रश्नात तो कोणत्या कसोटीवर पहिला, हेही लिहिलेले असावे. स्पर्धा परीक्षांच्या ठोकळ्यांत, शाळांच्या स्पर्धांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ही अट सर्रास गाळली जाते, आणि ज्या विशेषणात खरा इतिहास असतो तेच विशेषण जागा वाचवण्यासाठी कापले जाते.

भारतीय चित्रपटाचे उदाहरण पाहावे. १८ मे १९१२ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखवला गेला. ते एका नाटकाचे चित्रण होते, कॅमेरा चालवणारा जॉन्सन हा गृहस्थ परदेशी होता आणि चित्रफीत धुण्यासाठी लंडनला पाठवली गेली होती. जवळजवळ एक वर्षाने, ३ मे १९१३ रोजी, त्याच कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. ‘पहिला भारतीय चित्रपट’ एवढेच शब्द वापरले, तर तारखेच्या हिशेबाने तोरणे यांचा हक्क नाकारता येत नाही. ‘पडद्यासाठी स्वतंत्रपणे रचलेला, भारतीयांनी भारतातच चित्रित करून तयार केलेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट’ असे म्हटले की फाळके उभे राहतात, आणि ते किती मोठे होते हेही त्या लांबलचक विशेषणांतूनच कळते. लंडनला जाऊन विद्या शिकणे, यंत्रसामग्री मागवणे, दादरच्या बंगल्यात चित्रीकरण करणे, स्त्री मिळेना म्हणून तारामतीच्या भूमिकेसाठी अण्णा साळुंके यांना उभे करणे, फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामांत सरस्वतीबाई फाळके यांनी रात्री जागवणे, हे सारे ‘भारतातच तयार केलेला’ या शब्दांत सामावले आहे. ते शब्द गाळणारा प्रश्न तोरण्यांवर अन्याय करतोच, पण माझ्या मते फाळक्यांवर अधिक अन्याय करतो, कारण त्यांचे अफाट कर्तृत्व तो केवळ एका तारखेवर तोलतो.

‘भारतीय माणसाने केलेले पहिले चित्रीकरण’ असा प्रश्न केला, तर उत्तर पुन्हा बदलते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी त्याआधीच, १८९९ च्या सुमारास, मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले होते. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चित्रफितींचा खेळ झाला, आणि तेथून सतरा वर्षांच्या आत मुंबईकरांनी हे माध्यम पूर्णपणे आपलेसे केले. भाटवडेकर, तोरणे आणि फाळके ही तिन्ही माणसे त्या सतरा वर्षांत आहेत. ठोकळ्यातील एका ओळीने त्यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी करून टाकले आहे. प्रत्यक्षात त्यांनी एकच वाट तीन टप्प्यांत चालून दाखवली.

नाटकाच्या बाबतीत तर पुराव्याचे स्वरूप हीच कसोटी ठरते. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन, कारण त्या दिवशी १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सादर केले. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून मराठीतही असे काही व्हावे, असे चिंतामणरावांना वाटले होते, हे सहसा सांगितले जात नाही. तंजावरच्या भोसले घराण्यातील शहाजीराजे यांनी १६८४ ते १७१२ या कारकिर्दीत ‘लक्ष्मीनारायण कल्याण’सारखी मराठी नाटके रचली, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने तेथील मराठी नाटकांची हस्तलिखिते जपून ठेवली आहेत. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिले आणि मराठी ग्रंथांना सरकारी बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीपुढे ठेवले, पण कमिटीने ते स्वीकारले नाही, आणि ते छापून वाचकांच्या हाती पडायला विसावे शतक बरेचसे सरावे लागले. आता पहिले मराठी नाटक कोणते? महाराष्ट्रातील लोकांपुढे झालेल्या प्रयोगांची अखंड परंपरा कोठून सुरू झाली असे विचारले तर सांगली. मराठीत लिहिलेले नाटक विचारले तर उत्तरासाठी कावेरीच्या काठी जावे लागते, आणि तेथे जाताच मराठी भाषा एकेकाळी किती दूरवर नांदत होती हे ध्यानात येते. समकालीन समाजाच्या दुखण्यावर बोट ठेवणारे नाटक विचारले तर फुले. त्यातही एक अस्वस्थ करणारी गोष्ट आहे : ज्या नाटकाचा प्रयोग होऊ शकला नाही ते ‘पहिला प्रयोग’ ही कसोटी लावताच यादीतून आपोआप गळते, आणि ते का होऊ शकले नाही हा प्रश्नच उरत नाही. कसोटी निवडणे ही निष्पाप गोष्ट नसते. ज्यांना रंगमंच मिळाला, छापखाना मिळाला, आश्रयदाता मिळाला, त्यांच्या बाजूने ती नकळत झुकते. म्हणून तर ती उघडपणे लिहिली पाहिजे.

छापील पुस्तकांचे तेच. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले, पण रोमन लिपीत. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरला निघाले आणि त्यात मराठी शब्दांसाठी देवनागरी खिळे वापरलेले होते. दोन्ही ठिकाणे आजच्या महाराष्ट्राबाहेरची आहेत. वृत्तपत्रांत बाळशास्त्री जांभेकर यांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ चे. त्याआधी १८२८ मध्ये ‘मुंबापूर वर्तमान’ निघाल्याचे उल्लेख आहेत, परंतु अंक हाती नाहीत. येथे ‘उपलब्ध असलेले’ हे एकच विशेषण पुरेसे आहे आणि ते लिहिल्याने बाळशास्त्रींचा मान तसूभरही कमी होत नाही. बोरीबंदर ते ठाणे या गाडीला ‘पहिली प्रवासी गाडी’ म्हणण्याची सवय आपल्याला आता लागली आहे, कारण १८३७ साली मद्रासजवळ रेड हिल्स येथे आणि १८५१ मध्ये रुडकीच्या कालव्याच्या कामावर मालवाहू रूळ व इंजिने आली होती. रेल्वेच्या बाबतीत जे विशेषण आपण बिनतक्रार लावतो ते साहित्याच्या आणि कलेच्या बाबतीत लावताना का अडखळतो, हे मला कळत नाही.

मला सर्वांत जास्त खटकणारे उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे आहे. ‘पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टर कोण’ याचे उत्तर आनंदीबाई, आणि तेथेच पुस्तक मिटते. वयाच्या नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी आई होणे, औषधोपचाराअभावी दहा दिवसांत ते मूल जाणे, आणि त्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा निश्चय करून त्या काळी समुद्र ओलांडणे; ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांची वाट पाहत होती. ती हाती घेण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ही हकिकत ज्याच्या काळजाला भिडत नाही असा मराठी माणूस मी पाहिलेला नाही. परंतु त्याच १८८६ साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनी वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले आणि पुढे प्रत्यक्ष व्यवसाय केला. मुंबईच्या रखमाबाई तर त्याहून वेगळ्या. बालपणी झालेल्या विवाहाला न्यायालयात नकार देणारा त्यांचा खटला १८८४ पासून १८८८ पर्यंत गाजला, तुरुंगात जाईन पण नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही अशी त्यांची भूमिका होती, आणि त्यानंतर लंडनला वैद्यक शिकून १८९४ मध्ये त्या पात्र झाल्या व सुरत आणि राजकोट येथे त्यांनी अनेक दशके बायकांवर उपचार केले. ‘परदेशातून पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणारी’ आणि ‘प्रत्यक्ष रुग्ण तपासणारी’ या दोन अटी वेगळ्या ठेवल्या, तर या तिन्ही स्त्रिया एकाच प्रश्नपत्रिकेत सन्मानाने राहू शकतात. आज मात्र रखमाबाईंचे नाव बहुपर्यायी प्रश्नात चुकीचा पर्याय म्हणून वापरले जाते, आणि त्या नावावर फुली मारून विद्यार्थी पुढे जातो. ज्या बाईने उभे आयुष्य रुग्णसेवेत घालवले, तिची ओळख आपल्या मुलांना ‘हे उत्तर नव्हे’ अशी व्हावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या म्हणण्यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. लाखो उमेदवार एकाच वेळी परीक्षेला बसतात, उत्तरपत्रिका यंत्राने तपासल्या जातात, चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. अशा ठिकाणी अभ्यासकांचे मतभेद आणले तर न्याय कसा करायचा, एकच नेमके उत्तर असणे हेच उमेदवाराच्या हिताचे नाही का? पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत वर्षानुवर्षे बसणाऱ्या मुलांचा विचार केला तर ही चिंता खरी आहे. पण अट गाळल्याने उत्तर नेमके होते हा समज मुळात चुकीचा आहे. अट गाळलेला प्रश्नच संदिग्ध असतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोग परीक्षेनंतर आधी पहिली उत्तरतालिका जाहीर करतो, उमेदवारांकडून हरकती मागवतो आणि मग अंतिम उत्तरतालिका काढतो. त्यात काही प्रश्न रद्द होतात, काहींची उत्तरे बदलतात. ज्याने मूळ ग्रंथ वाचला त्याने विचार करून दुसरा पर्याय निवडावा आणि ज्याने केवळ ठोकळा घोकला त्याला गुण मिळावेत, मग हरकतीसाठी पहिल्याने पुरावे गोळा करत फिरावे, हा कुठला न्याय? ‘प्रत्यक्ष शक कोरलेला’, ‘उपलब्ध अंकांपैकी’, ‘देवनागरीत छापलेले’, एवढे शब्द प्रश्नात आले तर हरकतीला जागाच उरत नाही आणि यंत्रालाही काही अडचण येत नाही. कसोटीलाच प्रश्नाचा विषय करणे तर आणखी चांगले. ‘१९१२ चा श्री पुंडलिक आधीचा असूनही पहिल्या कथापटाचा मान राजा हरिश्चंद्राला सामान्यतः का दिला जातो’ या प्रश्नालाही चार पर्याय देता येतात, आणि त्याचे उत्तर देणाऱ्याला चित्रपटाबद्दल खरोखर काही माहीत असावे लागते.

दुसरा आक्षेप अस्मितेचा आहे. ‘पहिले’पण काढून घेतले की आपला वारसा उणा होतो, असे काहींना वाटते. वरची उदाहरणे पाहता अगदी उलट घडते, असे मी म्हणेन. एका गावाच्या ठिकाणी तीन गावे, एका माणसाच्या जागी तीन माणसे आपल्याला मिळतात. अक्षीचे नाव आल्याने श्रवणबेळगोळचा दगड झिजत नाही.

अट नसलेली माहिती एकमेकांच्या पुस्तकांतून उतरवून घेणे फार सोपे असते, हा तिचा आणखी एक दोष. अमेरिकेत फ्रेड वर्थ या लेखकाने आपल्या माहितीकोशात मुद्दाम एक खोटी नोंद पेरून ठेवली होती : कोलंबो या दूरचित्रवाणीवरील गुप्तहेराचे पहिले नाव फिलिप. पुढे एका लोकप्रिय प्रश्नमंजूषा खेळात हेच ‘फिलिप’ उत्तर म्हणून छापलेले निघाले आणि वर्थ यांनी १९८४ मध्ये खेळ बनवणाऱ्यांवर तीस कोटी डॉलरचा दावा लावला. सुट्या तथ्यांवर कोणाची मालकी नसते, या कारणाने न्यायालयाने दावा फेटाळला. कायद्याने ते बरोबरच आहे. पण ज्या तथ्यावर मालकी नाही त्याची जबाबदारीही कोणी घेत नाही, हे त्या प्रकरणात उघड झाले. आपल्याकडील ठोकळ्यांची पाने शेजारी ठेवून पाहावीत. एकाच वाक्याची एकच शुद्धलेखनाची चूक चार पुस्तकांत सापडते. शक कोणी वाचला, कधी वाचला, कशावरून वाचला, याचा मागमूस त्यांत नसतो.

म्हणून प्रश्न काढणाऱ्यांकडून माझी मागणी अगदी छोटी आहे. प्रश्नात ‘पहिला’ हा शब्द लिहिला की त्याच्या आधी निदान एक विशेषण लिहावे, आणि उत्तरतालिकेत उत्तराबरोबर त्याचा आधार एका ओळीत छापावा. शाळांच्या स्पर्धांत तर याहून मोकळीक घेता येईल, कारण तेथे समोर यंत्र नसते, मूल असते. छापील उत्तराहून वेगळे उत्तर आले तर ‘चूक’ म्हणण्याआधी ‘कशावरून?’ असे विचारायला अर्धे मिनिट लागते. त्या मुलीला मी ते विचारले असते, तर सभागृहातील सगळ्या मुलांना त्यांच्याच जिल्ह्यातील हजार वर्षांपूर्वीच्या मराठीबद्दल ऐकायला मिळाले असते, आणि तेही तो दगड डोळ्यांनी पाहिलेल्या मुलीच्या तोंडून. आता या स्पर्धेसाठी प्रश्न काढताना मी शिलालेखाचा प्रश्न असा लिहितो : श्रवणबेळगोळ, अक्षी आणि हत्तरसंग कुडल यांपैकी कोणत्या लेखावर स्वतःचा शक कोरलेला नाही?